रंग बदलला, पक्षी तोच

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२



या तीन श्लोकांत भगवंत ज्ञानाचे तीन प्रकार सांगतात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्या भूतांत एकच अविनाशी तत्त्व पाहतं, ते सात्त्विक. प्रत्येकाला सुटं सुटं पाहतं, ते राजस. आणि एकच गोष्ट धरून बसतं, तीच सर्वस्व मानतं, ते तामस. वाचायला सोपं आहे. पण रोजच्या बघण्यात हे ओळखायचं कसं? मला ते एका पक्ष्याच्या गोष्टीतून नीट समजलं.

२०१८ सालची ही गोष्ट. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात अलाबास्टर नावाचं शहर आहे. तिथे एका घराच्या परसात, दाण्यांच्या फीडरवर एक पिवळाधमक पक्षी आला. घरच्या बाई कित्येक वर्षं पक्षी बघणाऱ्या, तरी हा कोण हे कळायला त्यांनाही वेळ लागला.

ओळख पटवायची कशी? आमच्या डीबगिंगसारखीच, एकेक शक्यता बाद करत. तिथला गोल्डफिंच पिवळा असतो, पण चिमुकला आणि बिनतुऱ्याचा. ईव्हनिंग ग्रोसबीकची चोच जाड, पण तुरा नाही. दक्षिण अमेरिकेत ‘यलो कार्डिनल’ नावाचा एक वेगळाच पक्षी आहे, पण त्याचा तुरा काळा. आता या पाहुण्याकडे बघा. टोकदार पिवळा तुरा, दाणे फोडणारी शंकूसारखी चोच, चोचीभोवती काळा मुखवटा, लांब शेपटी. फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला तर तिथलं शाळकरी पोरही सांगेल, हा तर आपला नेहमीचा नॉर्दर्न कार्डिनल, नर! फक्त तो एरवी लालभडक असतो.

ऑबर्न विद्यापीठातले पक्ष्यांच्या रंगांचे अभ्यासक जेफ्री हिल यांनीही तेच सांगितलं. ४० वर्षांच्या निरीक्षणात त्यांना निसर्गात असा पिवळा कार्डिनल एकदाही दिसला नव्हता. त्यांच्या मते याचं कारण जनुकातला बदल.

यामागची यंत्रणा सुंदर आहे. पक्षी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं स्वतः तयार करू शकत नाहीत, ती अन्नातून येतात आणि बहुतेक पिवळी असतात. लाल पक्ष्यांच्या शरीरात एक एन्झाइम त्यांचं लाल रंगद्रव्यात रूपांतर करतं. त्यासाठी लागणारं जनुक २०१६ साली लाल कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्या अभ्यासातून सापडलं. ही एक पायरी बंद पडली की पिवळं ते पिवळंच राहतं. म्हणजे एक फंक्शन चाललं नाही, बाकी अख्खा प्रोग्रॅम जसाच्या तसा!

आता श्लोकांकडे येऊ. ‘पिवळा आहे ना, मग हा कार्डिनल नाहीच’ असं म्हणणं म्हणजे एकाच गोष्टीला सर्वस्व मानणं. आणि हे आपण माणसांच्या बाबतीत सर्रास करतो.

आमच्या आजीला विस्मरणाचा आजार आहे. ती मला काकांच्या नावाने हाक मारते, मध्येच चिडते. भेटायला येणारे हळूच म्हणतात, ‘त्या आता पहिल्या राहिल्या नाहीत हो.’ पण दारात कुणीही आलं, अगदी डिलिव्हरीवाला मुलगा आला, तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘जेवलास का रे?’ हा तिचा तुरा, हा तिचा मुखवटा. एक पायरी बंद पडली आहे, आजी तीच आहे.

अर्थात गीता इथे थांबत नाही. ‘कार्डिनल’ काय, ‘आजी’ काय, याही उपाधीच. मायेमुळे आजीत ‘तेच’ पाहणं मला जमतं. त्या डिलिव्हरीवाल्या मुलातही तेच पाहता आलं, तर विसाव्या श्लोकाचा उंबरठा गाठला म्हणायचं. आजी तिथे माझ्याआधी पोहोचलीये, असं कधी कधी वाटतं.

आजचा अभ्यास : ज्याच्याबद्दल ‘हा पार बदलला’ असं वाटतं, अशी एक व्यक्ती मनात आणा. बदललेली एक गोष्ट लिहा. न बदललेल्या तीन शोधा. मग तिला एक फोन करा.

राम कृष्ण हरी!