पाना उचलण्याआधी

बाळा,

पाडव्याला तुझ्या गॅरेजचं शटर वर जाणार, असं तुझी आई फोनवर सांगत होती. "दादा, त्याला चार गोष्टी सांग," म्हणाली. समोर बसवून सांगितलं तर या कानातून त्या कानात जाईल, म्हणून लिहून देतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं हात काळे केले, त्यातून जे हाती लागलं तेवढंच लिहितो.

स्कॅनर घेतलास, चांगलं केलंस. पण ज्या दिव्यासाठी तो लावायचा, तो दिवा कशासाठी आला ते आधी समजून घे. डॅशबोर्डावरचा इंजिनाचा पिवळा दिवा मिस्त्रीच्या सोयीसाठी लावलेला नाही, तो हवेसाठी लावलाय. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर गाड्यांच्या धुराचं मळभ साचायचं. त्यावर कॅलिफोर्निया राज्याने नियम केले की गाडीने स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी आणि धूर बिघडला की चालकाला सांगावं. १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना स्कॅनर जोडायचं एकाच मापाचं, सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे २०१० नंतर भारत स्टेज चारच्या गाड्यांबरोबर ही पद्धत टप्प्याटप्प्याने आली. म्हणून स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडचा अर्थ नीट लाव. पी०१७१ आला तर गाडी एवढंच म्हणते की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. ऑक्सिजन सेन्सर बदला, असं ती कुठेच म्हणत नाही. सेन्सर तर बिचारा खरं बोलणारा साक्षीदार असतो, आणि लोक त्यालाच काढून फेकतात.

मागे हाच कोड घेऊन एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्या गाडीचा सेन्सर दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा बदलून झाला होता, दिवा तसाच. मी काय केलं ते नीट वाच, कारण अख्ख्या पत्रातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यात कळतं. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर काळजी नाही. या गाडीचा आकडा आयडलला अधिक बावीस होता. मग ॲक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं, तर आकडा सहावर आला. यावरून काय समजायचं? कुठल्या तरी फटीतून चोरून हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, त्यामुळे चोरीची हवा तिथे मोठी भासते. इंजिन पळायला लागलं की तीच हवा एकूण हवेत नगण्य होते. बॉनेट उघडून इनटेक मॅनिफोल्डच्या मागचा रबरी पाइप बोटांनी वाकवून बघितला. खालच्या अंगाला, सहज नजर जाणार नाही अशा जागी, नखाएवढी चीर होती. पाइप बदलला, आकडा तीनवर आला.

आता याच्या उलट बघ. आयडलला आकडा बरा आणि चढावर, लोडवर वाढत जातोय, तर पेट्रोल कमी पडतंय असं समज. फिल्टर बघ, पंपाचं प्रेशर बघ, हवा मोजणारा सेन्सर मळलाय का ते बघ. एकच कोड, पण दुखणी दोन. ती वेगळी करायला एक रुपयाचा पार्ट लागत नाही.

कोड दिसला की लगेच पुसायचा नाही. तो ज्या क्षणी पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, गाडीचा वेग किती होता, हे सगळं कॉम्प्युटरने जपून ठेवलेलं असतं. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ते आधी वहीत उतरव. पुसलंस की तो पुरावा कायमचा गेला, आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आणि स्कॅनर लावल्यावर त्याचा पडदाच उजळला नाही, तर त्याला दोष देऊ नकोस. सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनेवर बारा व्होल्ट येतात का ते मोज. पुष्कळ गाड्यांत तिचा आणि चार्जर सॉकेटचा फ्यूज एकच असतो, आणि कुणीतरी भलताच चार्जर खुपसून तो उडवलेला असतो.

मल्टिमीटर मात्र चांगला घे, त्यात काटकसर नको. इंग्लंडच्या पोस्ट खात्यातला डोनाल्ड मॅकॅडी नावाचा इंजिनिअर करंट, व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजायला वेगवेगळी यंत्रं वाहून कंटाळला, म्हणून त्याने तिन्ही एका डब्यात घातली. ॲव्होमीटर हे नाव ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम या तीन मापांच्या आद्याक्षरांवरूनच पडलं. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको, हे तुला कॉलेजात शिकवलंच असेल. मी सांगतो ते व्होल्टेज ड्रॉपचं, म्हणजे वाटेतल्या तारेत आणि जोडात किती व्होल्ट हरवतात त्याचं. गडहिंग्लजकडची एक जीप आली होती, सेल्फ जड फिरत होता. मी सेल्फ उतरवला, नवीन बसवला, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी जीप परत दारात. रोग इंजिनच्या अर्थिंगच्या पट्टीत होता; वरून धड दिसणारी, पण बोल्टखाली हिरवट गंजलेली. त्या माणसाचे पैसे मी परत केले, पण त्याचा हंगामातला तीन दिवसांचा धंदा बुडाला तो कुठून भरून देणार? तेव्हापासून सेल्फला हात लावण्याआधी मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवतो. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या उघड्या धातूवर. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगतो. ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी नाहीतर जोड खराब. दीड मिनिटाचं काम आहे.

कॉम्प्रेशन गेजबद्दल थोडक्यात. सगळे प्लग काढ, पेट्रोल आणि ठिणगी बंद कर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव, मग सेल्फ मार. एका सिलिंडरचा आकडा एकटाच बघू नकोस, चौघांत फरक किती ते बघ. एक कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोज. आकडा वर चढला तर रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सारखेच कमी असतील तर दोघांच्या मधली हेड गॅस्केट फुटली, असं बहुतेक वेळा निघतं. हेड उतरवायचं की नाही, हे गिऱ्हाइकाला ठामपणे सांगता येतं ते या आकड्यांच्या जोरावर.

आवाजाचं तर यंत्रालाही जमत नाही इतकं कानाला जमतं. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप निघाला. आपला लांब स्क्रूड्रायव्हर म्हणजे तीच सुरळी. टोक अल्टरनेटरच्या बेअरिंगजवळ टेकव, मूठ कानापुढच्या हाडाला लाव. बेअरिंग चांगलं असेल तर एकसारखी घूं ऐकू येते. गेलं असेल तर वाळू दळल्यासारखी खरखर. मग टोक वॉटर पंपावर ने आणि ताडून बघ. पट्ट्याच्या वाऱ्याला उभं राहू नकोस, बाह्या दुमडून घे, गळ्यात काही लोंबतं ठेवू नकोस. रेडिएटरचा विजेचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, हे तुझ्या पोरांना रोज बजाव. आणि गरम रेडिएटरची टोपी कुणीही उघडायची नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

टॉर्क पाना घेतलास का, ते आईने सांगितलं नाही. नसेल तर माझा घेऊन जा. हे हत्यार शोधलं ते न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बारने, १९१८ च्या सुमारास, कारण मोठ्या नळांचे बोल्ट माणसं अति आवळून तोडायची. आपल्याकडे हवेच्या गनने चाकाचे नट करकचून आवळतात, मग रस्त्यात पंक्चर झालं की बाईमाणसाला सोड, धडधाकट गड्यालाही ते सुटत नाहीत. गन सोडवायला वापर. आवळताना शेवटचा हात टॉर्क पान्याचाच, आणि आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या अंगाला, तीन-चार टप्प्यांत. एका दमात कधीच नाही.

गिऱ्हाइकाला मोजलेला आकडा दाखव. जुना पार्ट कागदात गुंडाळून त्याच्या हातात दे. तपासणीचे पैसे वेगळे लाव आणि ते आधी सांग. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, मग आपण का नाही? तपासणी फुकट केलीस तर पार्ट विकूनच पोट भरावं लागतं, आणि मग नको ते पार्ट बदलले जातात.

शटर उघडायला अजून बारा दिवस आहेत. तेवढ्यात एक काम कर. तुझ्या वडिलांची गाडी उत्तम चालते, तिला स्कॅनर लाव. थंड असताना, गरम झाल्यावर, आयडलला आणि अडीच हजारांवर, असे सगळे आकडे एका जाड वहीत लिही. बॅटरीचे व्होल्ट लिही, अर्थिंगचा ड्रॉप लिही. अल्टरनेटरचा आवाज स्क्रूड्रायव्हरने ऐकून ठेव. मग शेजारच्यांची एखादी गाडी मागून घे आणि तिचंही लिही. निरोगी गाड्यांची पाच-सहा पानं भरली की मला फोन कर.

तुझा मामा