चप्पल कुठे गळली?

लक्ष्मी रस्त्यावर डाव्या पायातली चप्पल निसटली आणि पुढची दहा-बारा पावलं मी तसाच चालत राहिलो. मागून एका पोराने ओरडून सांगितलं, "काका, चप्पल!" तेव्हा खाली पाहिलं. तळवा डांबरावर टेकत होता आणि मला पत्ताच नव्हता. घरी येऊन ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तिथेच चुकलो.

आमचं घर शाकाहारी, अंडंसुद्धा वर्ज्य. तीन वर्षांपूर्वी थोरल्या भावाची बायपास झाली आणि मी घाबरून दूध, दही, तूप सगळं बंद केलं. मुलगी बंगळुरूहून 'व्हीगन' हा शब्द घेऊन आलेलीच होती. वजन सहा किलोंनी उतरलं, कोलेस्टेरॉल खाली आलं, आणि लग्नाच्या पंगतीत श्रीखंड खाणाऱ्यांना मी प्रवचनं द्यायला लागलो. (त्यातल्या दोघांची माफी अजून मागायची आहे.)

खुणा मिळत होत्या. जीभ लाल, गुळगुळीत झाली, ठेचा सोसेना, म्हटलं, उष्णता. पायाला मुंग्या, म्हटलं, वय. सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून नळाला धरायची सवय लागली. डोळे उघडे असताना काही नाही, मिटले की झोकांडी. पाय कुठे आहेत याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नसली की असं होतं, हे मला पुढे न्यूरॉलॉजिस्टांनी सांगितलं.

हिमोग्लोबिन मात्र १३.८. त्यामुळे आमचे नेहमीचे डॉक्टर निर्धास्त आणि मीही. खरी गोम इथे होती. अशक्तपणा वाटतो म्हणून मी मेडिकलमधून आणलेली फॉलिक ॲसिडची गोळी मनानेच रोज घेत होतो. १९३०च्या आसपास लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंनी मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा केला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे हेच फॉलिक ॲसिड, अर्थात फोलेट. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी फोलेट रक्ताला सावरून धरतं. मज्जातंतूंवरचं आवरण मात्र त्याला वाचवता येत नाही. म्हणजे रिपोर्ट झकास आणि मज्जारज्जू आतून झिजतोय.

माझं बी-१२ निघालं ११२. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० होती.

हे जीवनसत्त्व फक्त जीवाणू तयार करतात. भाजी, डाळ, फळ यांत ते मिळत नाही. मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून व्हीगन झालेला माणूस सुरुवातीला खुशीत असतो. माझी कोठी आधीच अर्धी रिकामी. जन्मभर दूध काय ते चहापुरतं, त्यात दहा वर्षं ॲसिडिटीची गोळी, जिने बी-१२ अंगी लागणं कमी होतं. (मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही होतं.) पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत ते कमी होतं. शाकाहाऱ्यांमध्ये धोका चौपटीहून जास्त. २००६ सालचा हा अभ्यास, माझ्याच गावचा, आणि मी तो आजारी पडल्यावर वाचला!

हृदयाची भीती खोटी नव्हती. ब्रिटनमध्ये सुमारे ४८,००० लोकांवर अठरा वर्षं नजर ठेवली गेली. मांसाहाऱ्यांपेक्षा शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्के कमी, पण पक्षाघात २० टक्के जास्त आढळला. व्हीगन मंडळींची हाडंही जास्त मोडली. तेव्हा भावाकडे बघून ताट बदलणाऱ्याने आधी स्वतःची तपासणी करावी. हिमोग्लोबिनवर भागवू नये, बी-१२ वेगळं मागून घ्यावं. स्पिरुलिनावर विसंबू नये. त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला चालत नाही. गोळीतलं बी-१२ जीवाणूंकडूनच बनवून घेतात, त्यामुळे सोवळं मोडत नाही. कॅप्सूलचं कवच मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी मागावी.

इंजेक्शनं झाली, सहा महिने गेले. उजवा पाय परतला. डाव्या तळव्याखाली अजून कापूस अंथरल्यासारखं वाटतं. मागे पट्टा असलेली सँडल घेतली आहे. मुलीला फोन केला तर म्हणाली, "बाबा, मला काहीही होत नाहीये." मी म्हटलं, मलाही होत नव्हतं, लॅबमध्ये जा. परवा तिचा मेसेज आला. नुसता आकडा: १६८.