वृद्धाश्रमातल्या आपल्या माणसावर लक्ष कसं ठेवाल?

प्रवेश घेतानाच दोन गोष्टी कार्यालयातून लेखी घ्या: संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि रात्रपाळीला किती माणसं असतात ते. न सांगता भेटायला आलेलं चालणार नाही असं जिथे बजावतात, तिथे आपलं माणूस ठेवू नका. दागिने, एटीएम कार्ड, चेकबुक घरीच राहू द्या.

दर रविवारी सकाळी अकराचा नेम धरू नका. कधी जेवणाच्या वेळी जा, कधी मधल्या वारी दिवेलागणीला. तुम्ही परगावी असाल तर भाचीला, जुन्या शेजारणीला पाठवा. ज्या म्हाताऱ्या माणसाकडे कुणी ना कुणी येत-जात असतं, त्याच्यावर हात उगारताना समोरचा कचरतो. सगळ्या उपायांत मी हाच पहिला मानते.

गेल्यावर दार लोटून घ्या. तिथल्या कामाच्या मावशी खोलीत उभ्या असतील तर आई ‘बरं चाललंय’ असंच सांगणार. ‘कुणी मारतं का?’ असं एकदम विचारू नका. ‘रात्री बाथरूमला जायचं झालं तर कोण येतं? हाक मारल्यावर काय म्हणतात?’ असं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. वेणी घालायच्या, पाठीला तेल लावायच्या निमित्ताने अंग नीट बघा. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग असेल आणि बोटाने दाबूनही त्याचा रंग जात नसेल, तर झोपून झोपून होणारी जखम तिथे सुरू झाली आहे. कूस बदलली जात नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, मनगटाभोवती बांधल्याच्या खुणा दिसल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही काळंनिळं पडतं, म्हणून एकाच डागावरून आरोप मात्र करू नका.

भर दुपारी आई सारखी पेंगत असेल, तर झोपेचं औषध कुणाच्या चिठ्ठीवर चाललंय ते विचारा आणि गोळ्यांच्या पट्ट्या मोजा. वजन दर महिन्याला लिहून ठेवा. पेन्शनचं पासबुक वेळच्या वेळी भरून घ्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं काम स्वतः करा. त्या नावाखाली कोऱ्या कागदावर अंगठा जाता कामा नये.

जेवण, पाणी, डायपर यांची हेळसांड असेल तर व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रारीचा पुढे काहीच पुरावा राहत नाही. मारहाण झाली असेल तर अर्जात वेळ घालवू नका. 112 ला फोन करा, सरकारी रुग्णालयात नेऊन मेडिको-लीगल नोंद करायला सांगा, जखमांचे तारखेसह फोटो काढा आणि पोलिसांत फिर्याद द्या. कुठे जावं हे सुचत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे तक्रार द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. त्यात 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा उल्लेख करा.

एक मात्र विसरू नका. फिर्याद देऊन तुम्ही घरी येता, पण रात्री आई त्याच माणसांच्या हाती असते. म्हणून त्याच दिवशी तिला तिथून हलवा. अनामत रक्कम अडकली तर अडकू द्या, ती नंतर मागता येईल.