लिंबोणीच्या बागेसाठी गवत कापायचं यंत्र

चि. बाळास,


तू पाठवलेली तिन्ही यंत्रांची माहितीपत्रकं वाचली. सात एचपीचा पॉवर विडर, खांद्याला अडकवायचं ब्रश कटर आणि मागे चालत चालवायचा लॉन मोवर, यांतलं काय घेऊ असं तू विचारलं आहेस. दुकानदार विडरच घे म्हणून गळ घालतोय, हेही कळलं. पण यंत्राच्या आधी एक गोष्ट ठरव. बागेतलं गवत उकरून काढायचं की वरून कापायचं? माझं मत स्पष्ट आहे: लिंबोणीत गवत कापायचंच.

लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात. विडरची फिरती पाती नेमकी तिथे चालतात आणि ती मुळं तोडतात. दुसरं असं की तुझ्या बागेत हरळी आणि लव्हाळा आहे. विडर हरळीचे तुकडे करतो, लव्हाळ्याच्या गाठी मोकळ्या करून रानभर पसरवतो. आठ दिवस रान स्वच्छ दिसतं, आणि पुढच्या पावसात दुप्पट तण उगवतं. उसाच्या रानात विडरचं मोल आहेच, पण फळबागेचं गणित वेगळं.

कापलेल्या गवताची मुळं जागेवर राहतात, माती धरून ठेवतात आणि कुजून तिला भुसभुशीत करतात. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने डोंगरावर चराईबंदी केली आणि गवत विळ्याने कापून न्यायचं ठरवलं. डोंगर हिरवा व्हायला त्याचा मोठा हातभार लागला. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर तर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की तण हे जमिनीचं खत आहे. तुझ्या श्रीगोंद्याच्या हलक्या रानाला हे जास्तच लागू पडतं.

आता राहिली दोन यंत्रं. ब्रश कटर बांधावर, चरात, उतारावर आणि दगडगोट्यांत चालतं. गुडघाभर वाढलेलं गवतही कापतं. मात्र सगळं वजन आणि थरथर माणसाच्या अंगावर येते, त्यामुळे तुझी तीन एकर बाग सलग कापणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. शिवाय त्याची नायलॉन दोरी खोडाला लागली की साल सोलली जाते आणि त्या जखमेतून डिंक्याची बुरशी आत शिरते. कोवळ्या झाडाची साल चहूबाजूंनी गेली तर ते वाळतंच. म्हणून कोणतंही यंत्र घेतलंस तरी खोडापासून दीड-दोन फुटांपर्यंत खुरपं आणि विळाच चालव.

दोन ओळींमधल्या वीस फुटी पट्ट्यांसाठी मोवर बरा. पण तो निवडताना एचपीपेक्षा चालण्याचा हिशेब कर. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पातं दीड फूट रुंद असेल तर एक एकर कापायला जवळजवळ नऊ किलोमीटर चालावं लागतं. दोन फुटी असेल तर साधारण साडेसहा. एवढं अंतर मुरमाड रानात यंत्र ढकलत नेणं जमणार नाही, म्हणून चाकांना इंजिनाची ओढ असलेला, म्हणजे सेल्फ-प्रोपेल्ड मोवरच घे. ती ओढ मागच्या चाकांना असावी, कारण वळताना दांडा दाबला की पुढची चाकं उचलली जातात. मागची चाकं मोठी असली तर खाचखळग्यांत अडकत नाहीत.

रीळवाला मोवर बंगल्याच्या हिरवळीसाठी असतो, तो तू घेऊ नकोस. खाली आडवं फिरणारं पातं असलेला रोटरी घे. त्याचं आवरण पोलादी पत्र्याचं हवं, कारण प्लास्टिकचं दगडाने फुटतं. गवत साठवायच्या पिशवीपेक्षा बाजूने गवत फेकणारं तोंड तुझ्या कामाचं आहे. ते झाडाच्या आळ्याकडे ठेवलंस की कापतानाच आच्छादन होतं. फक्त आच्छादन खोडाला टेकू देऊ नकोस, वीतभर मोकळं ठेव. कापणीची उंची बदलणारा एकच दांडा असावा, आणि ती अडीच-तीन इंचांवर ठेव. दांड्यावरची पकड सोडताच पातं थांबलं पाहिजे, ही सोय नसलेला मोवर फुकट मिळाला तरी नको. पात्याखाली हात घालण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढायची, हा नियम घरातल्या प्रत्येकाला शिकव.

एक अट मात्र आहे. मोवर गुडघाभर गवतात गुदमरतो. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कापणी हवी, आणि त्याआधी उन्हाळ्यात रानातले दगड वेचून काढ. गाजर गवत फुलायच्या आत, ओलीवर, हातमोजे घालून मुळासकट उपट. कापलं तर ते बुडातून पुन्हा फुटतं. बांधासाठी ब्रश कटर लागेल तेव्हा भाड्याने आण.

अनुदानासाठी यंत्र निवडू नकोस, निवडलेल्या यंत्राला अनुदान आहे का ते पाहा. महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाच्या यादीत ते बसतं का, हे तालुका कृषी कार्यालयात विचार. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्क्यांपर्यंत मदत मिळते, तीही ठरलेल्या मर्यादेत. अर्ज ताईच्या नावाने करता येईल का तेही बघ. पूर्वसंमतीपत्र हाती येण्याआधी खरेदी केलीस तर अनुदान बुडालं समज. शंका आली तर राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारायला संकोच करू नकोस.

शेवटचं सांगणं. पातं, पट्टा आणि कार्बोरेटरचे सुटे भाग नगरला मिळतात का, याची खात्री कर. आणि यंत्र दुकानाच्या फरशीवर पाहून पैसे देऊ नकोस. तुझ्या बागेत, तुझ्या गवतात तासभर चालवून दाखवा म्हण. जो विक्रेता त्याला तयार होणार नाही, त्याच्याकडून घेऊ नकोस.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा