पिशवीभर परदेशी नाणी

प्रश्न : एका भंगारवाल्याकडे परदेशी नाणी दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त मिळत आहेत. युरो, पौंड, मार्क आणि पोर्तुगालचे एस्कुदो आहेत. घ्यावीत का?
— एक वाचक, नरोली

उत्तर : चलन बदलून देणारे सहसा फक्त नोटा घेतात, म्हणून नाणी स्वस्त मिळतात. युरोची नाणी युरो चालणाऱ्या देशात जाणारा नातेवाईक असेल तर अवश्य घ्या, ती तिथे पूर्ण किमतीला चालतात. पौंड मात्र निरखून पाहा. बारा कोनांचा, दुरंगी असेल तरच चालतो. जुना गोल पौंड ऑक्टोबर २०१७ मध्ये बाद झाला. जर्मन मार्क टाकून देऊ नका. जर्मनीची मध्यवर्ती बँक मुदत न घालता १.९५५८३ मार्कांना एक युरो देते. एस्कुदोच्या नाण्यांची मुदत मात्र २००२ अखेर संपली, त्यांना आता संग्राहकाचीच किंमत.

कायद्याची चिंता नको : परदेशी नाणी बाळगायला आपल्याकडे मर्यादा नाही, ती नोटांना आहे.

आणि कृपा करून त्या पिशवीत पोर्तुगीज भारताचा ‘रुपिया’ शोधा! नरोली पोर्तुगिजांपासून १९५४ मध्येच मुक्त झाली आणि पोर्तुगीज भारतात एस्कुदो आला तो त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हातात खेळले ते रुपिया आणि टांगा ही नाणी. १८८१ चा रुपिया चांदीचा आहे, तो मोडीत देऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, म्हणून ते परदेशी पाठवूही नका.