तारिणीवरच्या सहा सोबतिणी

आर्णीची अरुणावती नदी आपण रोज पाहतो. तिचं पाणी पैनगंगेत जातं. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. म्हणजे आपल्या गावचं पाणी समुद्रापर्यंत पोचतं. आपल्यापैकी पुष्कळांनी मात्र समुद्र पाहिलेला नाही. त्या समुद्रावरून, शिडाच्या होडीतून, पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या सहा भगिनींची हकिगत आम्ही सांगणार आहोत.

वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता अशी त्यांची नावं. सगळ्या आपल्या नौदलातल्या अधिकारी. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख. होडीचं नाव तारिणी, म्हणजे तारून नेणारी. ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधली. लांबी सुमारे ५५ फूट. बैल जुंपलेल्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात, जवळपास तेवढी.

यांना शिडाचं काम जन्मतः येत नव्हतं. नौदलातून निवृत्त झालेले दिलीप दोंदे यांनी त्यांना शिकवलं. दोंदे स्वतः २००९-१० साली एकटेच शिडाच्या होडीतून पृथ्वीभोवती फिरून आले होते. नीट सराव झाल्यावर, १० सप्टेंबर २०१७ रोजी, या सहा जणी गोव्याहून निघाल्या.

शीड म्हणजे डोलकाठीला बांधलेलं मोठं कापड. त्यात वारा भरतो आणि होडी चालते. पण वारा फार झाला तर? वावटळीत घरावरचा पत्रा कसा उडतो, ते आपण पाहतो. शीडही तसाच वारा धरतं. म्हणून वारा वाढू लागला की शीड लहान करतात. आभाळ भरून आलं की आपण कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकतो ना? पाऊस कोसळू लागल्यावर धावून काय उपयोग? तसंच हे. सगळं शीड मात्र सहसा उतरवत नाहीत. होडीला गती नसली तर सुकाणू काम करत नाही. मग ती लाटेला आडवी होते, आणि आडवी होडी उलटण्याची भीती असते.

जानेवारी २०१८ मध्ये तारिणी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नजवळ आली. पृथ्वीच्या त्या भागात वाऱ्याला अडवायला जमीन फार थोडी. तो मोकाट सुटतो. या प्रवासात त्यांना ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा लागला. लाटा ७ मीटरपर्यंत उठल्या. अशा समुद्रात रात्र कशी काढायची? शेतात जागल करतात तशी. पाळीपाळीनं जागायचं. एकीनं सुकाणू धरायचं, तर दुसरीनं विसावा घ्यायचा. अंगावरचा पट्टा दोरानं होडीला बांधून ठेवायचा. अंधारात माणूस पाण्यात पडला तर सापडणं फार कठीण. म्हणून पट्टा विसरून चालत नाही.

परतीच्या वाटेवर, हिंदी महासागरात, सुकाणूत बिघाड झाला. घर आता जवळ होतं. तरी त्या तशाच पुढे रेटत गेल्या नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये मॉरिशस बेटावर पोर्ट लुई बंदरात थांबल्या, दुरुस्ती केली आणि मगच निघाल्या. २१ मे २०१८ रोजी सहाही जणी सुखरूप गोव्यास पोचल्या. भारतीय स्त्रियांनीच चालवलेल्या होडीची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

बाबांनो, पावसाळ्यात आपल्याकडेही पुलावरून पाणी वाहतं. कोणी म्हणतो, "गुडघाभरच आहे, निघून जाऊ." पाण्याची ओढ मात्र वरून दिसत नाही. गाडी वाहून जाते, माणूस जातो, घर उघडं पडतं. महासागर ओलांडणाऱ्या बाया बंदरात थांबल्या, त्यांना कोणी भित्रं म्हटलं नाही. तेव्हा पूर ओसरेपर्यंत आपणही थांबावं, आणि थांबणाऱ्याला हसू नये.

विचार करा :
१. वारा वाढला की शीड लहान का करतात?
२. सोबतिणी पोर्ट लुई बंदरात का थांबल्या?
३. आपल्या गावात पुराच्या वेळी कोणत्या वाटेनं जाऊ नये? घरच्या मुलांना ती दाखवा.