दुखण्याची गोळी आणि सिस्टरची वही

परवा बाजाराच्या दिवशी एक शेतकरी काका दवाखान्यात आले. "डॉक्टर, कंबर धरलीय, मागचीच गोळी लिहा." गोळी होती ट्रामाडॉल. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तोच आमच्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, काका या महिन्यात तिसऱ्यांदा आलेत. आणि जांभया बघा किती देतात, नाकही वाहतंय." माझ्या ते लक्षात आले नव्हते, हे कबूल करतो.

ट्रामाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, मॉर्फिन आणि गर्द ही सगळी शरीरात अफूसारखेच काम करतात. सवय जडल्यावर गोळी चुकली की अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, पाय ओढणे, रात्रभर झोप नाही. व्यसनी मंडळी याला 'टर्की' म्हणतात. ट्रामाडॉल २०१८ पासून अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. तरी जुनी चिठ्ठी पुढे करणारे येतातच. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक या वर्गातले पदार्थ घेतात.

गर्दची लाट आली तेव्हा १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. पण आपल्या तालुक्याच्या गावात असा रुग्ण पहिल्यांदा भेटतो तो बहुधा नर्सलाच. म्हणून या विषयातले संशोधन नर्सेसनीही करावे, असे माझे मत आहे. ऑपरेशननंतर घरी जाताना किती दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने कोण पुन्हा मागायला आले, एवढे वहीत लिहिले तरी अभ्यासाची सुरुवात होईल.

सर्वांत निकडीचा प्रश्न मात्र उपचारानंतरचा. व्यसन सुटलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. मोहाने तो पूर्वीचाच डोस घेतो आणि श्वास मंदावून दगावतो. पहिल्या काही आठवड्यांत नर्सने घरी फेरी मारली, घरच्यांना ओठ निळे पडणे, बाहुल्या टाचणीएवढ्या होणे ही लक्षणे शिकवली, तर किती जीव वाचतील? आपल्या खेड्यांत हे कुणीतरी मोजून पाहायला हवे. आणि 'गर्दुल्ला' म्हणून हिणवल्यावर किती जण परत येत नाहीत, हेही. (उलट बाजूने, कॅन्सरच्या रुग्णाला सवयीच्या भीतीने मॉर्फिन नाकारणे हाही अन्यायच.)

काकांची गोळी मी एकदम तोडली नाही. तसे कुणी परस्पर करूही नये. डोस हळूहळू उतरवतो आहे. दर बाजाराला ते येतात, सिस्टर गोळ्या मोजून देतात आणि वहीत तारीख घालतात. कुणाच्या घरी असा प्रश्न असेल तर १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.